कवटीच्या टी-शर्टमागचा कॅप्टन : ‘पनिशर मॅक्स’, खंड पहिला

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मैदानावर फॉल-इन घेतलं, तर एकवीस पोरांपैकी चौघांच्या छातीवर कवटी. काळा टी-शर्ट, त्यावर पांढरी कवटी, डोळ्यांच्या खोबणी तिरक्या आणि दात असे लांब की थेट कमरेच्या पट्ट्यापर्यंत यावेत. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडून पळणं, बीमवरचे पुल-अप्स आणि उड्या करून घेतो. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो, त्याला आता नऊ वर्षं होतील. पोरं मला उस्ताद म्हणतात.

चौघांतल्या एकाला विचारलं, हे काय आहे रे? म्हणाला, “उस्ताद, कमांडोचं निशाण आहे.” कुठल्या कमांडोचं, ते त्याला सांगता येईना. मी त्याला सांगितलं की आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसचं निशाण ‘बलिदान’ अक्षरं कोरलेलं असतं, बाजारात त्याची नक्कल कुठेही मिळते, पण छातीवर लावायचा हक्क प्रोबेशन काढल्याशिवाय कुणालाही मिळत नाही. पोरगं गप्प झालं. रात्री जेवताना माझ्या भाच्याकडून, ओंकारकडून, कळलं, “मामा, तो पनिशर आहे. अमेरिकेच्या कॉमिकमधला. आधी मरीन कमांडो होता. बायको-पोरं मारली म्हणून गुंडांना मारत सुटतो.” ओंकारच्या बुलेटच्या टाकीवरही तीच कवटी चिकटवलेली आहे. त्याने ती वेबमालिका पाहिली होती, पुस्तक मात्र एकही वाचलं नव्हतं. मैदानावरच्या पोरांचंही तसंच.

जे निशाण माझी पोरं छातीवर घालून पळतात, ते कुणाचं आहे हे मला माहीत असायला हवं. म्हणून पुस्तक मागवलं.

‘पनिशर मॅक्स: द कम्प्लीट कलेक्शन’चा हा पहिला खंड मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशकाने २०१६ मध्ये काढला. यात २००३ ची ‘बॉर्न’ ही चार अंकांची छोटी मालिका आहे आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या मालिकेचे पहिले बारा अंक आहेत. सगळ्या सोळा अंकांचा लेखक एकच, उत्तर आयर्लंडचा गार्थ एनिस. मऊ पुठ्ठ्याच्या बांधणीतलं जाड पुस्तक आहे, गुळगुळीत कागद, छपाई इतकी स्वच्छ की अंधारातल्या चित्रांतही चेहरे ओळखू येतात. मला दोन हजारांच्या वर पडलं. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं त्याने नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवलं, त्यामुळे एक कोपरा पार दुमडून आला. त्याने बदलून दिलं, पण त्यात अकरा दिवस गेले. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. अडलं तिथे ओंकारला विचारलं, आणि शिव्या सोडल्या तर भाषा अवघड नाही. वाक्यं छोटी आहेत, वॉकी-टॉकीवर बोलल्यासारखी.

पुस्तकात शिरण्याआधी या माणसाची थोडी हकिगत सांगतो, कारण टी-शर्ट घालणाऱ्यांना तीसुद्धा ठाऊक नसते. पनिशर पहिल्यांदा आला तो फेब्रुवारी १९७४ च्या तारखेच्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२९ व्या अंकात, आणि तोही स्पायडर-मॅनला ठार मारायला निघालेला माणूस म्हणून. लेखक गेरी कॉन्वे यांनी कवटी छातीच्या एका बाजूला लहानशी काढली होती. चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती वाढवून सगळी छाती व्यापली आणि दात पट्ट्याला नेऊन भिडवले. नाव फ्रँक कॅसल. अमेरिकी फौजेच्या मरीन कोअर या दलात होता, त्यातल्या फोर्स रेकॉन तुकडीत. फोर्स रेकॉन म्हणजे चार-सहा जणांची टोळी शत्रूच्या मुलखात खोलवर जाते, दिवसेंदिवस झुडपात पडून राहते आणि काय दिसलं ते मागे कळवते. त्यांचं मुख्य काम बघणं. गोळी झाडावी लागली तर बहुतेकदा काहीतरी चुकलेलं असतं. व्हिएतनामहून तो परत आला, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेलं त्याचं कुटुंब गुंडांच्या गोळीबारात सापडलं. बायको मारिया, मुलगी लिसा आणि धाकटा फ्रँक गेले, तो वाचला. तिथून पुढे तो गुंडांना मारत सुटतो. पोरांना एवढंच माहीत असतं, आणि एवढ्यावर कवटी चांगली वाटते. कुणालाही वाटेल की याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

‘बॉर्न’ वाचल्यावर तसं वाटत नाही. माझ्या मते या खंडाचा जीव याच पहिल्या चार अंकांत आहे.

वर्ष १९७१. व्हिएतनाममध्ये कंबोडियाच्या सीमेजवळ व्हॅली फोर्ज नावाचं एक ठाणं. अमेरिका हे युद्ध आवरतं घेत आलेली, तोफा आणि माणसं कमी होत चाललेली. ठाण्याचा कर्नल आपल्या बंकरमधून बाहेर पडत नाही. जवान नशेत पडलेले. पहाऱ्यावरचा माणूस पहाऱ्यावर नाही. आणि या सगळ्यात एक कॅप्टन फ्रँक कॅसल, तिसऱ्यांदा व्हिएतनामला आलेला, आपली पलटण घेऊन रोज गस्तीला निघतो. त्याचे जवान शिस्तीत आहेत, त्यांची हत्यारं साफ आहेत.

एखादी पोस्ट ढिली कशी पडते हे मी पाहिलंय. ती एका दिवसात पडत नाही. आधी पहाटेचा स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, पाच मिनिटं उशिरा होतो, मग अर्ध्याच माणसांचा होतो, मग एक दिवस होतच नाही. आमच्या एका पोस्टवर कोल्हापूरकडचे एक सुभेदार साहेब होते. रोज संध्याकाळी ते तारेच्या कुंपणाला स्वतः हात लावत फिरायचे, तारेला टांगलेले रिकामे डबे हलवून वाजतात का बघायचे. बर्फ पडत असला तरी. आम्ही मनात वैतागायचो. एनिसने हेच दाखवलंय, फक्त उलट्या बाजूने. व्हॅली फोर्जवर डबे वाजवून बघणारा एकच माणूस उरलाय. चित्रकार डॅरिक रॉबर्टसन आणि त्यावर शाई चढवणारे टॉम पामर यांनी चिखल असा काढलाय की पान उलटताना बोटाला लागेल असं वाटावं. जवानांच्या चेहऱ्यावरची दाढी, डोळ्यांखालची सूज, घामाने चिकटलेले केस, यात कुठेही सिनेमातला सैनिक नाही.

गोष्ट सांगतो तो स्टीव्ही गुडविन नावाचा साधा जवान. त्याचे घरी जायचे थोडेच दिवस उरलेत आणि तो ते मोजतोय. आम्हीही मोजायचो. रजा मंजूर झाली की बराकीतल्या कॅलेंडरवर पेनने रोज एक काट मारायची, आणि शेवटच्या आठवड्यात माणूस उगाच जपून चालायला लागायचा. गुडविनचा कॅप्टनवर विश्वास आहे. हा माणूस आपल्याला जिवंत घरी पोचवील, असं त्याला वाटतं. वाचकालाही तसंच वाटायला लागतं. आणि इथेच एनिस एकेक वीट काढून घेतो.

पहिली वीट काढतो ती एका जनरलच्या दौऱ्यात. जनरल ठाणं पाहायला येतो आणि ते बंद करायचं त्याच्या मनात आहे. शत्रूचा नेमबाज ज्या जागेवर डोळा ठेवून बसलाय, ती जागा कॅसलला ठाऊक आहे. तो जनरलला तिथे चालत जाऊ देतो. एक गोळी. काम झालं. फौजी म्हणून ते पान मला पचलं नाही, आणि आजही पचत नाही. त्या युद्धाच्या शेवटच्या वर्षांत अमेरिकी जवानांनी आपल्याच अधिकाऱ्यांच्या तंबूत ग्रेनेड टाकल्याच्या घटना खरोखर घडल्या होत्या, इतक्या की त्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द तयार झाला. पण ते जवान युद्धाला कंटाळलेले होते. वरिष्ठ आपल्याला उगाच मरायला पाठवतोय, असं त्यांना वाटायचं. कॅसलचं कारण याच्या बरोबर उलटं आहे. ठाणं बंद झालं तर त्याचं युद्ध बंद होईल, म्हणून तो आपल्या जनरलला मारतो. हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

दुसरा प्रसंग याहून कठीण आहे. गस्तीत शत्रूची एक बाई जखमी होऊन हाती लागते आणि कॅसलचाच एक जवान तिच्यावर अत्याचार करतो. कॅसल तिला गोळी घालून तिचे हाल थांबवतो. मग काही वेळाने, कुणी आसपास नाही असं बघून, त्या जवानाचं डोकं पाण्यात दाबून त्याला बुडवून मारतो. गुडविनने ते पाहिलेलं असतं. वाचताना मनात येतं, बरं झालं. मलाही ते वाटलं, खोटं का बोलू? पण आम्हाला शिकवलेली वाट वेगळी आहे. अशा माणसाला पकडायचं, रिपोर्ट करायचा, कोर्ट मार्शलपुढे उभा करायचा आणि साक्ष द्यायला स्वतः जायचं. ती वाट लांब असते, कंटाळवाणी असते, आणि तिच्यावर चालायला जास्त हिंमत लागते. कॅसल कॅप्टन आहे, त्याच्या हातात ते सगळं होतं. त्याने फिर्याद, न्यायाधीश आणि जल्लाद ही तिन्ही कामं एकट्याने एका डबक्यात उरकली. कवटी अजून छातीवर आलेली नाही, बायको-पोरं घरी सुखरूप आहेत, आणि पनिशर तयार झालेला आहे. पुस्तकाचं नाव ‘बॉर्न’ का आहे, ते इथे समजतं.

त्याच्या डोक्यात एक आवाज बोलत असतो. कुणाचा, ते एनिस सांगत नाही. आवाज त्याला म्हणत राहतो की तुला हवंय ते मी देऊ शकतो. शेवटी धो धो पावसात शत्रूचा मोठा हल्ला येतो. ढग इतके खाली उतरलेत की विमानं मदतीला येऊ शकत नाहीत. हेसुद्धा अगदी खरं आहे. ढग उतरले की सगळ्यात मोठ्या फौजेचेही हात बांधले जातात. आमच्याकडे एका जखमीसाठी हेलिकॉप्टरची वाट पाहत दोन दिवस काढले होते, ते आवाज आणि ती वाट मी विसरलेलो नाही. ठाणं पडतं, गुडविन मरतो, सगळे मरतात. कॅसल मशीनगन संपल्यावर रायफलने, रायफल संपल्यावर हाताने लढत राहतो. त्या क्षणी तो आवाजाला हो म्हणतो. सकाळी मदत पोचते तेव्हा प्रेतांच्या ढिगात तो एकटा उभा असतो.

आणि मग शेवट. कॅप्टन घरी येतो. विमानतळावर मारिया आहे, लहान लिसा आहे, कडेवर बाळ आहे. तो त्यांच्याकडे चालत निघतो आणि आवाज परत बोलतो: तुला तुझं युद्ध कायमचं मिळेल, पण त्याची एक किंमत आहे.

म्हणजे कुटुंब मेलं म्हणून तो पनिशर झाला, असं नाही. तो आधीच झालेला होता, कुटुंब ही त्याची किंमत ठरली. सूड, सूड म्हणून पोरं ज्याच्यावर जीव टाकतात, त्या सगळ्या गोष्टीचा पाया एनिसने एका पानात काढून घेतला.

मुलगी झाल्यावर मी पहिल्यांदा रजेला घरी आलो तेव्हा ती आठ महिन्यांची होती. वडूजच्या स्टँडवर बायको तिला घेऊन आली होती. मी हात पुढे केले तर ती मला बघून रडायला लागली आणि आईच्या मानेत तोंड खुपसून बसली. त्या रात्री मला झोप आली नाही. घर शांत होतं, आणि त्या शांततेत मला माझ्या सेक्शनमधल्या जवानांची आठवण येत होती. त्या वेळी ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी वाटली नाही, आज सांगतो. चकमक संपल्यावर अंगात एक तरतरी येते. आपण जिवंत आहोत, आपली माणसं जिवंत आहेत, हात चालले, डोकं चाललं. ती तरतरी चांगली वाटते. कुणी ती बोलून दाखवत नाही, कारण बोललं तर लोकांना वाटेल याला मारायला आवडतं. तसं नसतं. पण तो आवाज असतो. बहुतेक सगळे जण तो घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायला शिकतात, काहींना वर्षं लागतात, काहींना जमत नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं मी याआधी कुठे वाचलं नव्हतं, आणि ते एका कॉमिकमध्ये वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तरी एका बाबतीत माझा एनिसशी वाद आहे. या पुस्तकातून असं वाटू शकतं की स्पेशल फोर्सेसचा माणूस म्हणजे ज्याच्यातला हा आवाज सगळ्यात मोठा, तो. मी त्यांच्याबरोबर काम केलंय, ती माणसं मला सगळ्यात शांत वाटली. साताऱ्यात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे, आणि ही पलटण म्हणजे मूळची आमची २१ मराठा. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असताना, ते स्वतः पुढे राहून लढताना गेले. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडल्या. कमांडोच्या घरावर घाव पडला तर ते घर काय करू शकतं, याचं हेही एक उत्तर आहे, आणि आमच्या पोरांना ते कवटीच्या आधी माहीत असायला हवं.

आणखी एक चूक दाखवतो, कारण युद्धाचा इतिहास वाचायचा मला नाद आहे. १९७१ च्या मध्यापर्यंत मरीनच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममधून परत गेल्या होत्या, आणि होत्या तेव्हाही त्या मुख्यतः दक्षिण व्हिएतनामच्या उत्तर भागात, दा नांगच्या आणि उत्तर व्हिएतनामच्या सीमेच्या बाजूला होत्या. कंबोडियाच्या सीमेवर त्या वर्षी मरीनचं ठाणं असणं जुळत नाही. गोष्टीसाठी लेखकाला युद्धाचा अगदी शेवट हवा होता, हे समजतं. पण बाकी इतक्या बारकाईने लिहिणारा माणूस दोन-तीन वर्षं मागे गेला असता तर बरं झालं असतं.

पुढचे सहा अंक ‘इन द बिगिनिंग’चे. आता तीस वर्षं गेली आहेत. इथला कॅसल पन्नाशी ओलांडलेला आहे, आणि मला ही गोष्ट फार आवडली. मार्व्हलचे बाकीचे नायक वर्षानुवर्षं तिशीतच असतात. इथे त्याचं वय खरंखुरं वाढलेलं आहे. लुईस लारोसाने काढलेला चेहरा दगडासारखा, जड खांदे, डोळे जवळजवळ सगळीकडे सावलीत. एका म्हाताऱ्या माफिया डॉनच्या शंभराव्या वाढदिवसाला सगळी टोळी जमलेली असते, तिथून गोष्टीला तोंड फुटतं. कॅसल घाव घालतो, गुंड चवताळून बाहेर धावतात, आणि बाहेर एम-६० मशीनगन आधीच लावून ठेवलेली असते. आम्ही ॲम्बुशचे, म्हणजे दबा धरून हल्ला करायचे, धडे घेताना जे वाळूत काठीने रेघा मारून शिकलो, तेच हे. मारामारीला फार थोडी पानं लागतात.

खरी गंमत पुढे आहे. मायक्रो नावाचा त्याचा जुना सोबती, जो पूर्वी त्याला हत्यारं आणि माहिती पुरवायचा, तो आता सीआयएच्या माणसांबरोबर येतो. ते कॅसलला पकडतात, खुर्चीला बांधतात आणि नोकरी देऊ करतात: गुंड सोड, देशाच्या शत्रूंना मार, सरकार तुझ्या पाठीशी. माझ्या पोरांना विचारलं तर सगळे म्हणतील, घे की! तो घेत नाही. या कामाचा पैसा कुठून येतो, याचा माग अफगाणिस्तानातल्या हेरॉइनपर्यंत जातो. व्हॅली फोर्जवर आपलीच माणसं नशेत संपलेली त्याने पाहिलेली आहेत. शेवटी तो मायक्रोला स्वतः गोळी घालतो, एकेकाळच्या एकुलत्या एका मित्राला. ते पान आवाज न करता संपतं. कॅसलला कुणी वापरून घेऊ शकत नाही, सरकारही नाही, आणि म्हणूनच त्याच्याजवळ कुणी उरतही नाही, हे एनिसने तिथे नीट दाखवलंय.

‘किचन आयरिश’चे शेवटचे सहा अंक मला मध्यम वाटले. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातल्या आयरिश टोळ्या, एका मेलेल्या म्हाताऱ्या गुंडाने मागे ठेवलेला पैसा, आणि त्यासाठी एकमेकांचे गळे कापणारी माणसं. क्रूरपणा खूप आणि माणसं इतकी की नावं लक्षात ठेवायला मला कागद घ्यावा लागला. एक गोष्ट मात्र मनात राहिली. एसएएस या ब्रिटिश कमांडो दलात काम केलेला यॉर्की हा कॅसलचा मित्र, आणि त्याच्यासोबत आलेला एक तरुण सैनिक, ज्याचे वडील उत्तर आयर्लंडमध्ये मारले गेले. सूड घ्यायला आलेल्या त्या पोराकडे कॅसल ज्या नजरेने बघतो, त्या चौकटी पुन्हा पुन्हा बघाव्यात. लेखक स्वतः त्या भागातला असल्याने असेल, तिथे त्याचा आवाज बदलतो.

हे पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं, याबद्दल स्पष्ट सांगतो. ‘मॅक्स’ हा मार्व्हलचा प्रौढांसाठीचा विभाग आहे आणि ते नावापुरतं नाही. फाटलेली शरीरं, बलात्काराचा प्रसंग, अखंड शिव्या, सगळं उघडं आहे. अठराच्या आतल्या पोराला देऊ नका. माझ्या त्या चौघांतला एक सतरा वर्षांचा आहे, त्याने चार वेळा मागितलं आणि चारही वेळा मी नाही म्हणालो. डोगा वाचलेल्यांना, म्हणजे आमच्या वयाच्या ज्यांनी मुंबईच्या त्या कुत्र्याच्या मुखवटेवाल्याची हिंदी कॉमिक्स बराकीत एकमेकांच्या हातून ओढून घेतली, त्यांना सुरुवातीला हे ओळखीचं वाटेल. पण डोगा वाचून झाल्यावर झोप लागायची.

उरलेल्या तिघांना मी बसवून कवटीची पुढची हकिगत सांगितली. इराक युद्धात नेव्ही सील या अमेरिकी नौदलाच्या कमांडोंच्या एका तुकडीने ही कवटी आपल्या गाड्यांवर आणि चिलखतांवर रंगवली. नंतर ती तिथल्या पोलिसांच्या गाड्यांवर आली. ज्या कॉन्वेंनी हा माणूस तयार केला, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की पोलिसाने ही खूण लावणं चूक आहे, कारण पनिशर म्हणजे न्यायव्यवस्था कोलमडल्याची खूण. २०१९ च्या एका अंकात तर दोन पोलीस कौतुकाने आपल्या गाडीवरचं कवटीचं स्टिकर कॅसलला दाखवतात. तो ते टराटरा फाडतो आणि त्यांना सांगतो की तुम्हाला कुणासारखं व्हायचं असेल तर कॅप्टन अमेरिकासारखं व्हा. तुम्ही कायदा राखायची शपथ घेतलीय, मी ती कधीच सोडली. शेवटी २०२२ मध्ये मार्व्हलनेच नव्या मालिकेत कवटीचं चिन्ह बदललं.

“म्हणजे उस्ताद, टी-शर्ट घालायचा नाही का?” एकाने विचारलं. मी म्हणालो, घाल, पण आधी ‘बॉर्न’ वाच. चारच अंक आहेत, पुस्तक माझ्या कपाटात आहे, इथे बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. दोघांनी वाचलं. एकाने पाण्याच्या प्रसंगावर माझ्याशी तासभर वाद घातला. त्याचं म्हणणं, कॅप्टनने केलं ते बरोबर. मी त्याला फौजी कायदा समजावत राहिलो. त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि वाद घातला हे मला आवडलं. आता पहाटे सोळाशे मीटर पळून झालं की धापा टाकत टाकत तो तिथून पुढे बोलायला सुरुवात करतो.

ओंकारने सगळा खंड वाचला. ‘बॉर्न’ संपवलं त्या रात्री तो माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ मोबाईलही हातात घेतला नाही. मग म्हणाला, “मामा, तुम्हाला कधी तसा आवाज आला होता?”

“आला होता,” मी म्हणालो.

त्याने पुढे विचारलं नाही. आत त्याची मामी आणि माझी मुलगी टीव्हीसमोर भांडत होत्या, तिचं बारावीचं वर्ष आहे.

दुसरा खंड मागवलाय. त्यात तेरा ते तीस अंक आहेत, म्हणजे रशियातली मोहीम आणि बायकांची खरेदी-विक्री करणाऱ्या टोळीवरची ‘द स्लेव्हर्स’ ही गोष्ट, जिचं नाव जाणते वाचक सगळ्यात आधी घेतात. विक्रेता बदललाय आणि खोक्यात बांधून पाठवायला लिहिलंय. यंदाची भरती झाली की वाचायला घेईन.